टेस्ट हिरव्या, बॅच मात्र रात्रीच पडली! – वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आणि मेलमध्ये मिळून एकाच दुखण्याची पत्रं जास्त आलीत. मेसेज क्यूवरून (एका प्रोग्रामनं दुसऱ्यासाठी सोडलेल्या मेसेजच्या रांगेवरून) माल उचलणारी रात्रीची बॅच (साठलेलं काम एकदम उरकणारा जॉब), आणि तिची टेस्ट करायची कशी. पावसाळा सरला की मोंढा सुरू होतो, मागून कारखान्याचा हंगाम, त्यामुळं सगळ्यांची एकदमच घाई असणार हे समजतंय. मोबाईल ॲपचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, यावेळी हेच.

प्रश्न (एक वाचक, लातूर) : सर, आम्ही आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो. काट्यावर सोयाबीन नाहीतर तूर मोजली की पावती मेसेज बनून ॲक्टिव्हएमक्यूच्या (हा आमचा ब्रोकर, मेसेज पोचवणारा) क्यूवर पडते, रात्री ९ ला स्प्रिंग बॅचचा (जावातली बॅचची लायब्ररी) जॉब त्या उचलतो, हमाली-तोलाई धरून हिशोब करतो आणि शेतकऱ्याची पट्टी बनवतो. माल जास्त आला की काम तीन मशीनवर वाटून देतो, ते वाटणं पण क्यूवरूनच. टेस्टमध्ये खरा ब्रोकर नाही, स्प्रिंगचं मेमरीतलं चॅनल लावलंय. सगळ्या टेस्ट पास व्हायल्यात, पण सर्व्हरवर टाकलं की पहिल्याच मेसेजला नॉटसिरिअलायझेबल एक्सेप्शन. टेस्टमध्ये का नाही सापडलं हे?

उत्तर : सापडणारच नव्हतं. मेमरीतलं चॅनल म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातात चिठ्ठी देणं, आणि ब्रोकर म्हणजे तीच चिठ्ठी एसटीच्या पार्सलनं उदगीरला पाठवणं. हातात द्यायची तर पाकीट लागत नाही, पत्ता लागत नाही, ती हरवतही नाही. डायरेक्ट चॅनलमध्ये, म्हणजे याच मेमरीतल्या चॅनलमध्ये, तुमचं पावतीचं ऑब्जेक्ट जसंच्या तसं पलीकडं जातं, त्याचे बाइट्स कधी बनतच नाहीत, मग सिरिअलायझेशनची (ऑब्जेक्टचे बाइट्स बनवण्याची) चूक दिसणार कुठून. तुमच्या पावतीच्या क्लासमध्ये कुणीतरी आडत्याचं अख्खं ऑब्जेक्ट किंवा एखादी सर्व्हिस फील्ड म्हणून ठेवली असेल, ती सिरिअलायझेबल नसेल, बघा एकदा.

हे दुरुस्त केलं की लगेच दुसरी अडचण येईल, आत्ताच सांगून ठेवतो. ॲक्टिव्हएमक्यू ५.१२.२ आणि ५.१३.० पासून जावाचं ऑब्जेक्ट मेसेजमधून उघडायचं तर त्याचं पॅकेज विश्वासू यादीत लागतं, नसेल तर क्लायंट उघडायलाच नकार देतो. सुरक्षेसाठी आहे ते, आणि योग्यच आहे. नेटवर शोधलं की लोक सांगतात सगळ्या पॅकेजवर विश्वास ठेवा असं सेटिंग करून टाका, म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावरच. तसं करू नका, तुमची दोन-तीन पॅकेजं नावानिशी द्या. आणि काट्यावरून येणाऱ्या पावत्या तर सरळ जेसन मजकूर म्हणून पाठवा, क्लासमध्ये एक फील्ड वाढलं म्हणून आदल्या दिवशीच्या क्यूत पडलेल्या पावत्या उघडेनात, अशी वेळ येत नाही.

मेमरी चॅनल अजून दोन गोष्टी लपवतं, आणि त्या जास्त वाईट आहेत कारण तिथं एक्सेप्शनसुद्धा येत नाही. पहिली, डायरेक्ट चॅनलमध्ये पाठवणारा आणि घेणारा एकाच थ्रेडवर, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असं बांधलेलं काम) असतात. टेस्टमध्ये वर्कर (वाटून दिलेलं काम करणारा) फेल झाला की मुख्य जॉबचंही सगळं रोलबॅक होतं, म्हणजे मागं फिरतं, आणि तुम्ही म्हणता, वा, काय मस्त चाललंय. खऱ्या क्यूवर तसं नसतं, मुख्य जॉब पाठवून मोकळा झालेला असतो, वर्करची बोंब उत्तराच्या मेसेजमधून नंतर कधीतरी येते. दुसरी, प्रोसेसरनं (पावतीचा हिशोब करणाऱ्या भागानं) तेच ऑब्जेक्ट बदललं, समजा वजनातून बारदान्याचं वजन वजा करून त्याच फील्डमध्ये ठेवलं, तर टेस्टमध्ये पाठवणाऱ्याकडचं ऑब्जेक्टही बदलतं आणि तुमचा असर्ट (टेस्टमधली तपासणी) पास होतो. खऱ्या ब्रोकरवर पाठवणाऱ्याकडं जुनंच वजन राहतं.

मग करायचं काय, तर टेस्टचे थर वेगळे करा. हिशोब हा साधा जावा क्लास ठेवा, त्याला ना स्प्रिंग लागावं ना क्यू, आणि तिथंच भरपूर टेस्ट लिहा: ओलावा १२ टक्क्यांच्या वर, वजन शून्य, भाव आलाच नाही, पोत्यांची संख्या आणि वजन जुळत नाही, वगैरे वगैरे. या टेस्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत झाल्या पाहिजेत. त्याच्यावर स्टेपची (जॉबच्या एका टप्प्याची) टेस्ट, स्प्रिंग बॅच ४.१ पासून स्प्रिंगबॅचटेस्ट नावाचं ॲनोटेशन आहे, त्यानं एक स्टेप सुटी चालवता येते, रीडरच्या (माल वाचून देणाऱ्या भागाच्या) जागी साधी लिस्ट द्या. आणि सगळ्यात वर मोजक्या टेस्ट खऱ्या ब्रोकरवर, टेस्टकंटेनर्स नावाची लायब्ररी वापरून डॉकरमध्ये (प्रोग्राम सुट्या डब्यात चालवायची सोय) ॲक्टिव्हएमक्यू उठवायचा. त्या मोजक्या टेस्टमध्ये हिशोब तपासत बसू नका, तो खाली झालाय. तिथं फक्त ब्रोकर जे खोडसाळपणे करतो तेच तपासा: बाइट्स होऊन जाणं, दोनदा येणं, उशिरा येणं, वर्कर मधेच मरणं. खरं सांगायचं तर लोक याच्या बरोब्बर उलटं करतात, खऱ्या ब्रोकरवर शंभर टेस्ट आणि हिशोबाच्या क्लासला एकही नाही, आणि मग म्हणतात बिल्ड लई हळू चालतंय.

प्रश्न (एक वाचिका, परभणी) : नमस्कार सर. आमच्याकडं काफ्का (मेसेज पोचवणारा दुसरा ब्रोकर) आहे. टेस्टमध्ये मेसेज पाठवते, ५ सेकंद थ्रेड झोपवते, मग टेबलात रेकॉर्ड आलं का बघते. माझ्या लॅपटॉपवर पास होतं, बिल्ड सर्व्हरवर कधी पास कधी फेल. सिनिअर म्हणतात झोप १५ सेकंद कर. करू का?

उत्तर : नका करू ताई. आज १५ करा, दिवाळीत ३० करावी लागेल, आणि अशा चाळीस टेस्ट झाल्या की बिल्ड लावून माणूस जेवून येतो. किती वेळ थांबायचं हा प्रश्नच चुकीचा आहे, कशासाठी थांबायचं ते सांगा. अवेटिलिटी नावाची लायब्ररी आहे, तिला अट द्यायची, टेबलात अमुक पावतीचं रेकॉर्ड दिसेपर्यंत बघत राहा. ती दर १०० मिलिसेकंदाला बघते आणि काही सांगितलं नाही तर १० सेकंदांनी हात टेकते. रेकॉर्ड अर्ध्या सेकंदात आलं तर टेस्ट अर्ध्या सेकंदात संपली. कमाल वेळ मग ३० सेकंद ठेवला तरी बिघडत नाही, कारण तेवढा वेळ फक्त फेल होताना जातो.

पण तुमच्या केसमध्ये मला दुसराच संशय आहे. काफ्कात ऑटो ऑफसेट रीसेट नावाचं सेटिंग असतं, त्याची डिफॉल्ट किंमत लेटेस्ट. म्हणजे नवीन कन्झ्युमर ग्रुप (मेसेज वाचणाऱ्यांचा गट) आला की तो टॉपिकच्या (काफ्कातल्या रांगेच्या) शेवटापासून ऐकायला लागतो, आधी पडलेलं त्याला दिसतच नाही. तुमची टेस्ट मेसेज पाठवते आणि तिकडं कन्झ्युमरला अजून पार्टिशनच (टॉपिकचा वाट्याला येणारा भाग) मिळालेलं नसतं, तो येतो तेव्हा मेसेज मागं राहिलेला. लॅपटॉपवर कन्झ्युमर आधी उठतो म्हणून पास, सर्व्हरवर नंतर उठतो म्हणून फेल. मग थ्रेड १५ सेकंद झोपवा नाहीतर १५ मिनिटं, तो मेसेज येणारच नाही. टेस्टमध्ये ते सेटिंग अर्लिएस्ट (सुरुवातीपासून) करा, किंवा पार्टिशन मिळेपर्यंत थांबून मग पाठवा, स्प्रिंगच्या काफ्का टेस्ट लायब्ररीत त्यासाठी तयार मेथड आहे. आणि प्रत्येक टेस्टला ग्रुपचं आणि टॉपिकचं नाव वेगळं द्या, मागच्या टेस्टचा उरलेला मेसेज पुढच्या टेस्टच्या गळ्यात पडतो तो प्रकार तिथंच थांबतो. (लातूरकर, हे तुम्हालाही. स्प्रिंग बॅचच्या वाटून द्यायच्या पद्धतीत मागच्या जॉबचं उत्तर क्यूत राहिलं तर पुढचा जॉब चुकीचा जॉब इन्स्टन्स आयडी आला म्हणून फेल होतो, आणि माणूस भलत्याच टेस्टमध्ये चूक शोधत बसतो.)

आता अवघड भाग, जो तुम्ही विचारला नाही पण विचारणार आहात. काहीतरी होत नाही हे कसं तपासायचं? म्हणजे रद्द केलेल्या पावतीची पट्टी बनली नाही पाहिजे. टेबल रिकामं आहे असा असर्ट टाकला तर तो पहिल्याच मिलिसेकंदाला पास होतो, कारण मेसेज अजून पोचलेलाच नसतो. इथं युक्ती अशी की रद्द पावतीच्या मागोमाग एक चांगली पावती पाठवा, तिची पट्टी येईपर्यंत थांबा, आणि मग बघा की रद्दवालीची पट्टी नाही. फक्त दोन्हीला एकच की (पार्टिशन ठरवणारी खूण) द्या म्हणजे त्या एकाच पार्टिशनमध्ये जातील. काफ्का क्रम राखतो तो पार्टिशनच्या आतच, दोन पार्टिशनमध्ये कोण आधी कोण नंतर याची काही खात्री नसते.

प्रश्न (एक वाचक, उदगीर) : आमची बॅच कधीकधी अर्ध्या पावत्या घेऊनच संपते आणि स्टेटस कम्प्लिटेड दाखवते. एररपण नाही लॉगमध्ये. काय करावं?

उत्तर : क्यूला शेवट नसतो आणि बॅचला शेवट लागतो, तुमचं सगळं दुखणं त्या फटीत आहे. फाईल वाचताना शेवटची ओळ कळते. क्यू रिकामी दिसली तर त्याचा अर्थ माल संपला असाही होतो आणि माल अजून रस्त्यात आहे असाही होतो. स्प्रिंगचं जेएमएसटेम्प्लेट (क्यूवरून मेसेज घ्यायचं साधन) डिफॉल्टनं मेसेजची अनंतकाळ वाट बघतं, म्हणून स्प्रिंग बॅचचा जेएमएस रीडर ते तसं स्वीकारतच नाही, टाइमआउट दिलाच पाहिजे म्हणतो. मग कुणीतरी दिला असेल १ सेकंद. १ सेकंद मेसेज आला नाही की रीडर नल देतो, नल म्हणजे बॅचच्या भाषेत संपलं, आणि स्टेटस कम्प्लिटेड. त्याच्या परीनं तो बरोबरच आहे.

टाइमआउट वाढवून धोका कमी होतो, जात नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे काट्यावरच्या प्रोग्रामनं दिवस बंद करताना एक वेगळा मेसेज पाठवायचा: आज इतक्या पावत्या, एकूण इतके क्विंटल. बॅच संपली की तिच्या बेरजा या आकड्यांशी जुळवा, जुळल्या नाहीत तर जॉब फेल करा, पट्ट्या छापू नका. जुन्या मुनीमांची रोजकीर्द बंद करायची पद्धत हीच होती, आपणच ती सॉफ्टवेअर आलं म्हणून सोडून दिली.

आणि याची टेस्ट: १० पावत्या, बंदचा मेसेज म्हणतो ११. जॉब फेल झालाच पाहिजे. मग बंदचा मेसेज आधी आणि उरलेल्या पावत्या नंतर, क्रम उलटा करून. मग बंदचा मेसेज आलाच नाही. या तीन टेस्ट खऱ्या ब्रोकरशिवाय पण होतात, रीडरच्या जागी आपलीच लिस्ट देऊन.

प्रश्न (एक वाचक, धाराशिव) : बॅचची टेस्ट चालवली की "एक्झिस्टिंग ट्रान्झॅक्शन डिटेक्टेड इन जॉबरिपॉझिटरी" असं येतंय. आमच्या टेस्टवर ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन आहे, डेटा आपोआप साफ व्हावा म्हणून. काढलं तर डेटा साठायलाय.

उत्तर : काढावंच लागेल. बॅच प्रत्येक चंकचं (एकदम उचललेल्या गठ्ठ्याचं) ट्रान्झॅक्शन स्वतः उघडते स्वतः बंद करते, बाहेरून तुम्ही अजून एक गुंडाळलं तर तिचे कमिट (पक्कं लिहिणं) खरे कमिट राहणार नाहीत, म्हणून ती सुरुवातीलाच नाही म्हणते. ॲनोटेशन तुम्ही लावलं नसलं तरी लागलेलं असू शकतं, डेटाजेपीएटेस्ट वापरलं की ते न सांगता ट्रान्झॅक्शनल असतं, तिथं नॉट सपोर्टेड करून बंद करा. साफसफाई हातानं करायची: बॅचची स्वतःची टेबलं साफ करायला जॉबरिपॉझिटरीटेस्टयूटिल्समध्ये मेथड आहे, तुमची टेबलं तुम्ही प्रत्येक टेस्टच्या आधी डिलीट करा. आधी अशासाठी, की टेस्ट फेल झाली तर नंतर टेबलात डोकावून काय झालं ते बघता येतं.

जाता जाता एक. टेस्टची यूटिलिटी दर वेळी जॉबला वेगळा रँडम पॅरामीटर चिकटवते, त्यामुळं टेस्टमध्ये तोच जॉब कितीदाही चालतो. प्रॉडक्शनमध्ये तुम्ही तारीख पॅरामीटर देता, आणि एकदा पूर्ण झालेला त्याच तारखेचा जॉब स्प्रिंग बॅच परत चालवत नाही. रात्री १२ ला साहेबांचा फोन येतो आजची बॅच परत मारा, तेव्हा हे कळतं. एक तरी टेस्ट खऱ्या तारखेचा पॅरामीटर देऊन दोनदा चालवणारी असू द्या.

प्रश्न (एक वाचक, माजलगाव) : साखर कारखान्यासाठी काम करतो. उसाच्या काट्यावरून पावत्या क्यूवर येतात, पंधरवड्याचं बिल बॅचमध्ये होतं. मागच्या हंगामात बॅच चालू असताना लाईट गेली, इन्व्हर्टर पण बसला, आणि काही शेतकऱ्यांच्या त्याच पावत्या दोनदा बिलात आल्या. आता दरवर्षी हे होऊ नये म्हणून टेस्ट लिहायची म्हणतोय, पण लाईट जाण्याची टेस्ट कशी लिहायची?

उत्तर : प्रश्न झकास आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणजे चूक सापडून सावकाश दुरुस्त करू असं म्हणायला तुमच्याकडं वेळ नसतो, आणि दोनदा गेलेले पैसे परत मागणं म्हणजे गावात वैर.

आधी काय झालं ते बघू. जॉब क्यूवरून १०० पावत्यांचा चंक घेतो, हिशोब करतो, डेटाबेसला कमिट करतो, आणि त्याच्या लगेच मागं ब्रोकरला कळवतो की या मिळाल्या, काढून टाक. हे दोन कमिट एका झटक्यात होत नाहीत, मधे बारीकशी फट असते. लाईट नेमकी त्या फटीत गेली तर डेटाबेस म्हणतो बिल झालं, ब्रोकर म्हणतो पावत्या अजून दिल्याच नाहीत, आणि मशीन उठल्यावर तो त्या परत देतो. यात ब्रोकरची चूक नाही. एकदा तरी देईन असं त्याचं वचन असतं, एकदाच देईन असं नाही. दोन्ही कमिट एकत्र बांधायला एक्सए नावाची सोय आहे, पण ती जड पडते आणि सांभाळायला माणूस लागतो, मी तरी कारखान्याच्या ऑफिसात ती लावा म्हणणार नाही. पावती परत आली तरी बिल परत होऊ नये एवढंच करायचं.

त्यामुळं लाईट घालवायची गरजच नाही, एकच पावती दोनदा पाठवली की झाली टेस्ट! पण ती तीन प्रकारे पाठवा. पहिला, दोन वेगळ्या चंकमध्ये: पहिली होऊन गेली, मग दुसरी आली, हे बहुतेकांचं पास होतं. दुसरा, एकाच चंकमध्ये दोन्ही. इथं गंमत होते. तुम्ही प्रोसेसरमध्ये तपासत असाल की ही पावती टेबलात आहे का, तर दोन्ही वेळा उत्तर नाही येतं, कारण लिहिणं चंकच्या शेवटी एकदम होतं. मग टेबलावर युनिक अट (तीच नोंद दोनदा न घेणारी) नसेल तर दोनदा बिल, आणि युनिक अट असेल तर इन्सर्ट फुटून बाकीच्या ९८ पावत्याही रोलबॅक. म्हणजे नुसतं तपासून भागत नाही आणि नुसत्या अटीनंही भागत नाही, आधीच असेल तर गप सोडून दे अशा प्रकारचं इन्सर्ट लागतं. तिसरा प्रकार, दोन वर्करकडं एकाच वेळी.

युनिक अट कशावर लावली तेही बघा. पावती क्रमांकावर लावली असेल तर काट्यावर दर गळीत हंगामाला क्रमांक १ पासून सुरू होतो का ते विचारा. होत असेल तर नव्या हंगामातली ४५१२ नंबरची पावती मागच्या ४५१२ ची नक्कल समजून गप सोडून दिली जाईल, आणि शेतकऱ्याचं बिलच निघणार नाही, जे दोनदा निघण्यापेक्षा वाईट. हंगाम, काटा आणि क्रमांक तिन्ही मिळून की करा, आणि दोन हंगामांतल्या सारख्या क्रमांकाची टेस्ट लिहाच.

अजून एक टेस्ट, खराब पावतीची. ॲक्टिव्हएमक्यूत काही बदललं नसेल तर रोलबॅक झालेला मेसेज तो परत ६ वेळा देऊन बघतो आणि मग डेड लेटर क्यूत (न पचलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत) टाकतो. लोकांना वाटतं वा, खराब पावती आपोआप बाजूला पडली. पण रोलबॅक होतो तो सगळ्या चंकचा, म्हणून त्यातल्या ९९ चांगल्या पावत्यांचाही परत दिल्याचा आकडा वाढत जातो, आणि त्याच शंभर पावत्या दर वेळी सोबत आल्या तर चांगल्या ९९ सुद्धा त्या डेड लेटर क्यूत जाऊन बसतात. तिथं कुणी बघत नाही. तेव्हा टेस्ट अशी लिहा: ९९ चांगल्या, १ खराब, जॉब चालवा, ९९ बिलं झाली पाहिजेत आणि नाकारलेल्यांच्या टेबलात एक पावती कारणासकट दिसली पाहिजे. फेल होणारच आज तुमच्याकडं. दुरुस्ती म्हणजे चुकीचा डेटा असेल तर प्रोसेसरनं एक्सेप्शन न फेकता ती पावती नाकारलेल्यांकडं वळवायची, एक्सेप्शन डेटाबेस बंद पडला वगैरे खऱ्या बिघाडासाठी ठेवायचं.

आणि स्टेप बनवताना रीडर ट्रान्झॅक्शनल क्यू आहे हे स्प्रिंग बॅचला सांगितलंय का बघा. नाही सांगितलं तर रोलबॅकनंतर ती मेमरीत धरून ठेवलेल्या पावत्या परत प्रोसेस करते, आणि ब्रोकरही त्याच पावत्या परत देतो, म्हणजे लाईट न जाताच दोन-दोनदा. तुमच्याकडं नेमकं हेच झालं असण्याची शक्यता मला लाईटपेक्षा जास्त वाटते.

खरंच मधेच मारायची टेस्ट करायची हौस असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा हातानं करा. बॅच चालू असताना प्रोसेस किल मायनस नाइननं (जागच्या जागी मारायची कमांड) मारा, परत चालू करा, बेरजा जुळवा. रोजच्या बिल्डमध्ये नको ती.

प्रश्न (एक वाचक, जालना) : लोखंडाच्या मिलसाठी काम करतो, काफ्कावरून भट्टीचे रिपोर्ट येतात. बॅच मोठी झाली की तेच रिपोर्ट दुसरा वर्कर पण उचलायलाय. टेस्टमध्ये १० रिपोर्टवर कधीच होत नाही.

उत्तर : १० वर होणारच नाही. काफ्का कन्झ्युमर एका वेळी जास्तीत जास्त ५०० रेकॉर्ड घेतो आणि पुढची मागणी ५ मिनिटांत आली नाही तर तो मेला असं धरून त्याचं काम दुसऱ्याला देतो, दोन्ही डिफॉल्ट आकडे. एका रिपोर्टला ०.७ सेकंद लागत असेल तर ५०० ला ३५० सेकंद, म्हणजे ५ मिनिटांच्या वर गेलात. माणूस जिवंत, काम चालू, तरी काम काढून घेतलं. टेस्टमध्ये ५०० रिपोर्ट बनवत बसू नका, मॅक्स पोल इंटरव्हलच (ती ५ मिनिटांची मुदत) ३ सेकंदांवर आणा आणि प्रोसेसर मुद्दाम ५ सेकंद थांबवा, बाकी सगळं आपोआप दिसेल. उपाय एका वेळचे रेकॉर्ड कमी करणं. रॅबिटएमक्यू (हाही ब्रोकरच) वापरणाऱ्यांनीही हसू नये, तिथंही पोच द्यायला मुदत असते, डिफॉल्टनं ३० मिनिटांची.

प्रश्न (एक विद्यार्थी, नांदेड) : सर माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे, डॉकर चालू केलं की हँग होतोय. कॉलेजचा प्रोजेक्ट हाच घेतलाय. खरा ब्रोकर कसा आणू?

उत्तर : डॉकर सोड. ॲक्टिव्हएमक्यू क्लासिक तुझ्या टेस्टच्या आतच चालतो, व्हीएम नावाचा ट्रान्सपोर्ट देऊन आणि साठवण बंद करून. रॅम फारशी खात नाही. ऑब्जेक्टचे बाइट्स होणं, परत परत देणं, डेड लेटर क्यू, हे सगळं त्यात खरंखुरं दिसतं. नेटवर्क तुटणं आणि ब्रोकर बंद पडून परत उठणं तेवढं दिसणार नाही, ते रिपोर्टमध्ये आपणहून लिही, परीक्षकानं विचारायच्या आधी. आणि माजलगावच्या वाचकाला सांगितलेल्या पावत्यांच्या टेस्ट आहेत ना, एकच पावती तीन प्रकारे दोनदा आणि ९९ अधिक १, त्या आधी लिही, बॅच नंतर.